तह झाल्यानंतरची लढाई : आनंदराव धुळप आणि ‘रेंजर’

८ एप्रिल १७८३. मुंबईहून तीन दिवसांपूर्वी निघालेलं ‘रेंजर’ नावाचं बारा तोफांचं जहाज विजयदुर्गाजवळच्या समुद्रात पोहोचलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमाराचं हे जहाज. कप्तान लेफ्टनंट प्रुएन. जहाज कानडी किनाऱ्याकडे चाललं होतं आणि त्यावर तीन बडे लष्करी अधिकारी होते : ब्रिगेडियर जनरल नॉर्मन मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ. इंग्रज आणि मराठे यांच्यात आठ वर्षं रेंगाळलेलं युद्ध संपून तह झालेला होता, त्यामुळे मराठी किनाऱ्यापासून भिण्याचं कारण नाही असं जहाजावरचे लोक धरून चालले होते.

समोर पेशव्यांचं आरमार आलं. दोन मोठी जहाजं, एक मध्यम आणि आठ गलबतं. सुमारे पाच तास लढाई झाली. ती थांबली तेव्हा मेजर शॉ ठार झाला होता, हंबरस्टनच्या फुप्फुसातून गोळी आरपार गेली होती, मॅक्लाउडच्या खांद्याला गोळी लागली होती आणि जहाजावर जखम न झालेला माणूस शोधावा लागत होता. ‘रेंजर’ विजयदुर्गाच्या खाडीत आणलं गेलं. हंबरस्टन ३० एप्रिलला तिथेच वारला.

हे आरमार होतं आनंदराव धुळप यांचं. इंग्रजी पुस्तकांत ही घटना येते ती ‘तह मोडून केलेली चाचेगिरी’ म्हणून. मराठीत ती आलीच तर ‘इंग्रजांना चारलेले खडे’ म्हणून येते. दोन्ही वर्णनं वाचून माझं समाधान होत नाही. धुळप हे एका राज्याचे पगारी आरमारी अधिकारी होते. त्या दिवशी ते आपली नोकरी करत होते की नोकरीची मर्यादा ओलांडत होते, हा प्रश्न शौर्याच्या मापानं सुटत नाही. त्यासाठी ती नोकरी काय होती हे आधी बघावं लागतं.

आरमार सरकारी कसं झालं

मी अक्कलकोटचा. आमच्यापासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. कुरनूर धरण हाच आमचा मोठा जलाशय. तरीही आमच्या गावाच्या इतिहासात समुद्र एकदा येऊन गेला आहे. अक्कलकोट संस्थानचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे शाहू महाराजांचे मानसपुत्र. मूळचे पारदच्या लोखंडे पाटलांचे राणोजी. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून येत असताना पारदला लढाई झाली, पाटील मारला गेला आणि त्याच्या बायकोनं आपलं लहान मूल शाहूंच्या पायावर घातलं. पहिली फत्ते झाली म्हणून मुलाचं नाव फत्तेसिंह. पुढे कर्नाटकच्या स्वाऱ्या त्यांच्या नावानं झाल्या, आणि १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीवर जी मोठी मोहीम काढली गेली, तिच्यावर शाहूंनी पहिल्या बाजीरावाबरोबर त्यांना पाठवलं.

ही मोहीम मला फार बोलकी वाटते. जमिनीवर बाजीराव आणि फत्तेसिंह, दुसरीकडून प्रतिनिधी, आणि समुद्रावर कान्होजींचा मुलगा सरखेल सेखोजी आंग्रे. प्रतिनिधींनी जूनमध्ये रायगड परत मिळवला, हे मोठं यश. पण जंजिरा पडला नाही. तिन्ही सरदार सातारला जबाबदार होते, एकमेकांना नव्हते. पावसाळ्यात जहाजं हलेनात, मुंबईकर इंग्रज सिद्दीच्या मदतीला आले आणि ऑगस्ट अखेरीस सेखोजी वारले. डिसेंबरात तह करून बाजीराव परतले. घोड्यावरची फौज कितीही मोठी असली तरी समोरच्या बेटावर जायला नावच लागते, आणि ती नाव आपल्या हुकमात नसेल तर किनाऱ्यावर उभं राहून बघावं लागतं. हा धडा पुणेकरांनी चांगलाच लक्षात ठेवला असणार.

कारण त्यानंतर पेशव्यांनी आंग्र्यांचं बळ वाटून टाकलं. १७३५ मध्ये मानाजी कुलाब्याला आणि संभाजी सुवर्णदुर्गाला, अशी घराण्याची विभागणी झाली. पुढे तुळाजी आंग्रे डोईजड झाले, तेव्हा पेशव्यांनी थेट इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली, जहाजं एकमेकांना बांधलेली होती, आणि तुळाजींचं सगळं आरमार एका दुपारी जळालं. इंग्रजांनी किल्ला लगेच सोडला नाही. बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर त्याच वर्षी विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला.

म्हणजे पेशव्यांना किल्ला मिळाला, खाडी मिळाली, गोदी मिळाली, आणि राखही मिळाली. त्या राखेतून त्यांनी स्वतःचा ‘सुभा आरमार’ उभा केला. मुख्य ठाणं विजयदुर्ग. १७६० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची मुख्य जबाबदारी आनंदराव धुळप यांच्याकडे आली. धुळप हे मूळचे जावळीचे मोरे, असं सांगितलं जातं.

आंग्रे आणि धुळप यांच्यातला फरक इथेच आहे. कान्होजी आंग्रे हे अर्धे स्वतंत्र संस्थानिक होते. त्यांचे स्वतःचे किल्ले होते, ते स्वतःची दस्तकं देत, स्वतः तह करत. बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळण्याच्या सुमारास कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवण्यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या होत्या. धुळपांशी वाटाघाटीचा प्रश्न नव्हता. ते सरकारी खात्याचे प्रमुख होते. हिशेब पुण्याला, हुकूम पुण्याहून. मराठी आरमाराचा प्रमुख आजच्या अर्थानं ‘अधिकारी’ झाला होता.

या नोकरीत काम काय होतं

पावसाळ्यात काहीच नाही, हे पहिलं. मे संपता संपता जहाजं खाडीत आत घ्यायची, शिडं-दोर उतरवायचे, तळ खरवडायचा, दुरुस्ती करायची. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा बाहेर. वर्षातले साधारण आठ महिने हाच कामाचा हंगाम.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचताना आपण एखाद्या अनुभवी माणसाचं कामकाजाचं टिपण वाचतोय असं वाटतं. आरमाराचा खर्च बंदरांच्या जकातीवर लावून देऊ नये, खजिन्यातून नेमून द्यावा. नाहीतर आरमारवाले व्यापाऱ्यांना नागवतील आणि बंदरच बुडेल. दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, म्हणजे त्या भागातल्या रयतेवर भार पडणार नाही. जहाजाला लाकूड लागतं म्हणून आंबा-फणसाची झाडं बळानं तोडू नयेत, कारण ती रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाजांपेक्षा जहाजांच्या भोवतालच्या व्यवस्थेबद्दल हे प्रकरण जास्त बोलतं. आरमार म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत. पगार, लाकूड, बंदर, कोळी आणि व्यापारी यांची घडी नीट बसली तरच ते टिकतं.

विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात या घडीचा एक पुरावा आजही बघता येतो. वाघोटण खाडीच्या काठी खडक कोरून केलेली गोदी आहे, सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद. भरतीला पाणी आत येतं तेव्हा जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळाचं काम करायचं. समुद्राच्या वेळापत्रकावर चालणारी ही कार्यशाळा होती. आंग्र्यांच्या काळात ती वापरात होती आणि पेशव्यांच्या आरमाराला ती आयती मिळाली.

जहाजं मुख्यतः दोन जातींची. गुराब हे मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण दीडशे ते तीनशे टनांचं. त्याचा पुढचा भाग निमुळता आणि उतरता, आणि नाळेवर दोन जड तोफा पुढे तोंड करून बसवलेल्या. बाजूच्या तोफा थोड्या हलक्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, तिकोनी शिडाचं आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला तरी गलबत थांबत नाही, आणि गरज पडली तर दोर लावून गुराबांनाही ओढतं.

कंपनीच्या काळातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं कोकणी आरमारांची लढण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. युरोपियन जहाजाची ताकद त्याच्या बाजूच्या तोफांत असते. म्हणून त्याच्या बाजूला जायचंच नाही. मागे गोळा व्हायचं आणि नाळेवरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करायचा. डोलकाठी आणि दोर तुटले की जहाज वळू शकत नाही. मग गुराब जवळ येऊन बाजूचा मारा करतात आणि शेवटी गलबतांतून शेकडो माणसं तलवारी घेऊन चारी बाजूंनी वर चढतात. खोल समुद्रात, जोरदार वाऱ्यात ही पद्धत निरुपयोगी ठरते. किनाऱ्यालगत, मंद वाऱ्यात, तिच्यासमोर एकटं जहाज फार वेळ टिकत नाही.

‘रेंजर’ एकटं होतं आणि किनाऱ्यालगत होतं. एका बारा तोफांच्या जहाजावर अकरा जहाजं चालून गेली, हे आपण मराठी वाचकांनी प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवं. पण जे जहाज पाच तास शरण आलं नाही, त्याच्यावर शेवटपर्यंत माणसं चढवत राहणं हे सोपं काम नव्हतं, हेही तितकंच खरं. तिथे मेलेल्या मराठी खलाशांत कोळी, भंडारी, गाबीत असे किनाऱ्यावरचेच लोक असणार. त्यांची नावं मॅक्लाउडच्या नावासारखी पुस्तकापुस्तकांतून फिरलेली नाहीत.

तहाची तारीख कोणती?

आता मूळ प्रश्न. तह झाला होता का?

सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ महादजी शिंद्यांच्या छावणीत ठरला. कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जनं त्याला जूनमध्ये मान्यता दिली. पुण्यात नाना फडणीस मात्र थांबले. हैदर अली अजून जिवंत होता, इंग्रजांशी लढत होता, आणि मराठ्यांचा त्याच्याशी करार होता. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला. त्यानंतर कागदांची औपचारिक देवघेव फेब्रुवारी १७८३ अखेर पार पडली.

म्हणजे मे १७८२ पासून फेब्रुवारी १७८३ पर्यंत ‘तह झाला आहे’ आणि ‘तह झालेला नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होती. कुठे उभं राहून बोलताय त्यावर ते अवलंबून होतं. माझ्या रोजच्या कामात हा प्रश्न फार ओळखीचा आहे. एकच माहिती अनेक ठिकाणी साठवलेली असते, एका ठिकाणी बदल झाला की तो बाकीच्या ठिकाणी पोहोचायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात प्रत्येक यंत्र आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांच्या विरुद्ध वागतं. आमच्याकडे हा वेळ सेकंदाच्या अंशात मोजतात. अठराव्या शतकात तो आठवड्यांत मोजत. आणि मधल्या वेळेत माणसं मरत.

पण हा युक्तिवाद धुळपांच्या बाजूनं फार ताणता येत नाही. फेब्रुवारी अखेर ते ८ एप्रिल म्हणजे सहा आठवडे. पुणे ते विजयदुर्ग हे अंतर जासूद काही दिवसांत कापत. सहा आठवड्यांत बातमी पोहोचली नाही, हे पटायला जड आहे. मग दोनच शक्यता राहतात. एक, धुळपांना माहीत होतं आणि तरीही त्यांनी हल्ला केला. दोन, पुण्याहून आरमाराला स्पष्ट हुकूम गेलाच नव्हता. तह दरबारात झाला होता, पण खात्यापर्यंत त्याचा अर्थ पोहोचवण्याची घाई कुणाला नव्हती.

मला दुसरी शक्यता जास्त संभवनीय वाटते. किनाऱ्यावर इंग्रजांशी वैर हे तहानं सुरू झालेलं किंवा तहानं संपलेलं नव्हतं. समुद्रावर कुणाचं दस्तक चालणार, हा भांडणाचा मूळ मुद्दा होता आणि तो कान्होजींच्या काळापासून तसाच होता. शिवाय याच युद्धाची सुरुवात आठवून बघा. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकरांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ मध्ये पेशव्यांच्या आरमारातलं ४६ तोफांचं ‘समशेर जंग’ हे सर्वांत मोठं जहाज इंग्रजांशी लढताना स्फोट होऊन बुडालं आणि त्यावरची सुमारे चारशे माणसं गेली. त्यानंतर कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलनंच सांगितलं की मुंबईकरांनी हे युद्ध परवानगीशिवाय सुरू केलं होतं. म्हणजे वरच्या सरकारची संमती नसताना खालच्यानं केलेल्या युद्धात चारशे माणसं गेली. त्याला इंग्रजी इतिहासात ‘चाचेगिरी’ म्हणत नाहीत. धुळपांच्या बाबतीत मात्र तोच शब्द सहज वापरला जातो. चाचा स्वतःसाठी लुटतो. धुळप पेशव्यांच्या निशाणाखाली होते. त्यांची चूक असेल तर ती सरकारी अधिकाऱ्याची चूक आहे, आणि तिची जबाबदारी सरकारवर येते.

एका जहाजावर काय काय होतं

‘रेंजर’वरचे ते तिघे कुठे चालले होते, हे कळल्याशिवाय या लढाईचं वजन कळत नाही.

जानेवारी १७८३ मध्ये जनरल मॅथ्यूज या मुंबईच्या सेनापतीनं हैदरचं बिदनूर घेतलं होतं. तिथला मोठा खजिना हाती आला आणि त्यावरून सैन्यात भांडणं लागली. मॅक्लाउड, हंबरस्टन आणि शॉ हे तिघे मॅथ्यूजची तक्रार घेऊन मुंबईला आले. मुंबई सरकारनं मॅथ्यूजला दूर करून सैन्याचा ताबा मॅक्लाउडकडे दिला. तो ताबा घ्यायला हे तिघे ‘रेंजर’वरून परत निघाले होते.

ते पोहोचलेच नाहीत. मॅथ्यूज तिथेच राहिला, टिपूनं बिदनूरला वेढा घातला, आणि एप्रिल संपता संपता, म्हणजे हंबरस्टन विजयदुर्गावर शेवटचे श्वास घेत होता त्याच सुमारास, इंग्रजांनी बिदनूर खाली केलं. मॅथ्यूज टिपूच्या कैदेत मेला. मॅक्लाउड वेळेवर पोहोचला असता तर बिदनूर वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. टिपूची फौज फार मोठी होती. पण सेनापती बदलण्याचा हुकूम समुद्रातच अडकला, एवढं नक्की. विजयदुर्गासमोरच्या पाच तासांचा असा धक्का थेट म्हैसूरच्या युद्धापर्यंत गेला.

या मॅक्लाउडची आणखी एक गंमत. तो स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्याचा धनी. दहा वर्षांपूर्वी, १७७३ मध्ये, इंग्रजी शब्दकोश रचणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि बॉसवेल त्याच्या घरी पाहुणे होते. त्याचं वय तेव्हा एकोणीस, आणि ‘रेंजर’वर जेमतेम एकोणतीस. माझ्याच वयाचा. हंबरस्टनही तिशीच्या उंबरठ्यावरच. एका समुद्रकिल्ल्याचा धनी दुसऱ्या समुद्रकिल्ल्यात कैदी म्हणून आला. तो बरा झाला, मलबारात पुन्हा लढला आणि पुढे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद झाला.

हाती काय लागलं

जहाज पुढे इंग्रजांना परत द्यावं लागलं. तह कायम राहिला. पुण्याला या विजयातून एक गाव, एक बंदर किंवा दस्तकाचा एक हक्कही मिळाला नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. आरमाराची क्षमता होती. अकरा जहाजांना एकत्र हलवणारा, पाच तास लढाई धरून ठेवणारा अधिकारी होता. पण त्या क्षमतेचं काय करायचं याचं उत्तर पुण्याकडे नव्हतं. आंग्र्यांकडे धोरण होतं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून पेशव्यांनी ते मोडलं. धुळपांकडे आज्ञाधारकपणा होता, पण आज्ञाच स्पष्ट नव्हती. १७३३ मध्ये बाजीराव आणि फत्तेसिंह किनाऱ्यावर उभे होते तेव्हा नाव आपली नव्हती. १७८३ मध्ये नाव आपली होती, पण दरबाराची नजर घोड्यावरून खाली उतरली नव्हती. ‘रेंजर’नंतर इंग्रजांविरुद्धची अशी दुसरी मोठी आरमारी लढाई पेशव्यांच्या नावावर सांगता येत नाही. १८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला.

आज आंग्र्यांच्या नावाचा नौदलतळ मुंबईत आहे. धुळपांचं नाव विजयदुर्ग-गिर्ये परिसराबाहेर क्वचितच ऐकू येतं. त्याचं एक कारण असं असावं की आपल्याला बंडखोर दर्यावर्दी आवडतो. खात्याचा प्रमुख आवडत नाही. पण राज्य चालतं ते दुसऱ्या जातीच्या माणसावर. जहाज दरवर्षी वेळेवर गोदीत घेणारा, तांडेलांचे पगार काढणारा, लाकूड मागवणारा, आणि हुकूम आला की बाहेर पडणारा माणूस. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब एका दिवसाच्या विजयानं किंवा एका तहाच्या तारखेनं करू नये. तो करताना त्याला हुकूम देणाऱ्यांचाही हिशेब मांडावा, आणि तो मांडला की ‘रेंजर’ची लढाई धुळपांपेक्षा पुण्याबद्दल जास्त सांगून जाते.